कुंभार्लीनं उतरून आंबेनळीनं वर

सप्टेंबरच्या शेवटी घाट ओलांडायचा बेत घरी सांगितला की पहिला प्रश्न येतो, "पाऊस आहे का?" याला सरळ उत्तर नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आगेमागे. दोन्हींमधलं अंतर मोटारसायकलवर तीन-चार तासांचं. आपल्याकडे हवा घड्याळापेक्षा किलोमीटरप्रमाणे जास्त बदलते. त्यात सप्टेंबरअखेर दोन पावसांची सरमिसळ असते. समुद्रावरून येणारा मोसमी पाऊस अजून घाटमाथा सोडायला तयार नसतो, आणि परतीचा पाऊस दुपारनंतर पूर्वेकडून गडगडत यायला लागलेला असतो.

आमच्या मोटारसायकल क्लबची ही फेरी म्हणूनच या दिवसांत ठरते. जुलैत घाटात दरडी आणि धुकं. ऑक्टोबरचं ऊन लागलं की हेल्मेटात डोकं शिजतं. मधले हे थोडे दिवस काय ते आपले. रस्ता असा: साताऱ्याहून ठोसेघर, चाळकेवाडीच्या पठारावरून पाटण, पुढे कोयनानगर आणि कुंभार्ली घाटानं चिपळूण. तिथं मुक्काम. दुसऱ्या दिवशी खेड, पोलादपूर, आंबेनळी घाटानं महाबळेश्वर आणि केळघर-मेढ्यावरून परत सातारा. नकाशावर बोट फिरवलं तर कोयनेच्या खोऱ्याला घातलेली प्रदक्षिणाच. सगळं मिळून तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. चौपदरी रस्त्यावर हे अंतर अर्ध्या दिवसाचं, पण आम्हाला चौपदरी रस्ता नकोच होता.

गाड्या अकरा. पुढे लीडला मॅडम, म्हणजे आमच्यातल्या लहान मुलांच्या डॉक्टर. दवाखान्यात त्यांचा आवाज फार मऊ असतो म्हणतात. रस्त्यावर तो आम्ही कधी ऐकलेला नाही. सगळ्यात मागे स्वीपला बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही आणि मॅडमच्या पुढे कुणी जायचं नाही, एवढे दोन नियम मोडले तर पुढच्या फेरीला नाव नाही. मधल्यांनी तिरक्या रांगेत चालायचं, एक उजवीकडे तर पुढचा डावीकडे. घाटातल्या वळणांवर मात्र ही रांग मोडून एकामागे एक. फाटा आला की मॅडमच्या मागची गाडी तिथं थांबते आणि काका दिसेपर्यंत हलत नाही. आम्ही तिला 'खांब' म्हणतो. फोनला रेंज नसलेल्या भागात अकरा गाड्या एकत्र ठेवायला याहून चांगला उपाय मला अजून दिसलेला नाही.

पहिला दिवस: सातारा ते चिपळूण

निघालो तेव्हा आभाळ लख्ख. बोगद्यातून बाहेर पडलो की शहर संपतं आणि डावी-उजवी हिरवळ सुरू होते. सज्जनगड सकाळच्या उन्हात इतका स्वच्छ दिसत होता की तटावरची माणसं मोजता आली असती. खाली उरमोडी धरणाचं पाणी काठोकाठ. रस्त्याच्या कडेला तेरडा फुललेला, आणि चढ लागला तशी सोनकीची पिवळी झाक सुरू झाली. समर्थांना तिथूनच हात जोडले आणि पुढे निघालो. शनिवार असल्यानं ठोसेघरच्या धबधब्यापाशी चारचाकींची रांग होती. तिथं रमलो नाही.

ठोसेघर सोडून थोडं पुढे गेल्यावर मॅडमनी हात वर करून सगळ्यांना कडेला घेतलं. "रेनकोट चढवा."

ऊन होतं. अंगावर सावली स्पष्ट पडत होती. आमच्यातला धाकटा, पुण्यात नोकरी करणारा, म्हणाला, "मॅडम, थेंब तरी पडू द्या की."

"थेंब पडल्यावर थांबायला जागा शोधावी लागते. इथं जागा आहे."

हा आमच्याकडचा जुना वाद आहे. एक पंथ म्हणतो पाऊस आल्यावर बघू, दुसरा म्हणतो चढ लागायच्या आधी चढवून मोकळे व्हा. मी दुसऱ्या पंथाचा, कारण साधं आहे. पाऊस सुरू झाल्यावर रस्त्याच्या कडेला एका पायावर उभं राहून ओल्या बुटावरून रेनकोटची विजार ओढणं हा प्रकार मला जमत नाही आणि बघवतही नाही. धाकट्यानं आणि आणखी एकानं ऐकलं नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत. गप्प राहणं हे त्यांचं अधिक धोकादायक रूप.

चाळकेवाडीच्या पठारावर चढलो आणि पाचेक मिनिटांत ऊन नाहीसं झालं. तिथं पाऊस पडत नाही, ढगच रस्त्यावर येऊन बसतो. समुद्रावरून आलेला ओला वारा डोंगराला अडला की वर चढतो, वर गार होतो आणि त्यातली वाफ तिथंच पाण्याच्या कणांत उतरते, हे शाळेत शिकलेलं. इथं ते हेल्मेटच्या काचेवर दिसतं. बाहेरून पाणी, आतून श्वासाची वाफ. काच बोटभर उघडी ठेवली तर डोळ्यांत तुषार, बंद ठेवली तर आंधळेपण. आम्ही बोटभर उघडी ठेवतो.

पवनचक्क्या आधी ऐकू आल्या, मग दिसल्या. पात्यांचा तो घुम्म आवाज धुक्यातून नेमका डोक्यावरून येतो आणि वर बघावं तर काही नाही. मग वाऱ्यानं एखादी फट पाडली की पांढरा खांब अचानक शेजारी उभा. चाळकेवाडी-वनकुसवड्याचं हे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या घरात आहे आणि पवनचक्क्या इथं उगाच लावलेल्या नाहीत, हे गाडीच्या हँडलला चांगलं कळतं. वारा आडवा. नवा माणूस हँडल घट्ट धरतो आणि मग वाऱ्याचा प्रत्येक धक्का हातांवाटे थेट पुढच्या चाकात जातो. कोपर सैल सोडायचे, गुडघ्यांनी टाकी धरायची, गाडीला वाऱ्याकडे किंचित कलू द्यायचं. वेग पस्तीस-चाळीस. समोरच्या गाडीचा मागचा दिवा दिसेल एवढंच अंतर. आणि प्रखर दिवा बंद. तो लावला की समोरचं धुकंच उजळतं आणि रस्ता आणखी लपतो.

याच पाटण तालुक्यात सडावाघापूरला पावसाळ्यात धबधबा उलटा वर उडताना दिसतो. पाणी कड्यावरून खाली जायला निघतं आणि दरीतून वर येणारा वारा ते परत पठारावर फेकतो. लोक त्याचे व्हिडिओ काढायला लांबून येतात. आमच्या धाकट्याला तेच प्रात्यक्षिक शर्टाच्या आत मिळालं. पठार संपेपर्यंत तो पुरता भिजला होता आणि दात वाजत असल्यानं वाद घालायच्या अवस्थेत नव्हता.

पाटणकडे उतरायला लागलो तसा ढग वर राहिला आणि खाली कडक ऊन. आता रेनकोटातले आम्ही कुकरमधल्या बटाट्यासारखे शिजायला लागलो आणि धाकटा छान वाळायला लागला. "बघा, मी न थांबता वाळलो," एवढं म्हणून त्यानं उरलेला हिशेब चुकता केला.

पाटण केरा आणि कोयनेच्या संगमावर आहे. जेवण तिथं: पिठलं, भाकरी, खरडा आणि ताक. आमच्यातल्या मास्तरांनी ताटावर बसल्या बसल्या नक्षत्रांची चर्चा काढली. उत्तरा संपत आलेलं आणि हस्त लागायच्या बेतात. "पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा," मास्तर म्हणाले. म्हणजे उत्तरा नक्षत्रात पाऊस झाला की भात इतका पिकतो की कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही. हॉटेलवाल्यानं ऐकलं आणि हसला. "भाताला ठीक हाय वो मास्तर. पर माझं सोयाबीन काढाय आलंय, त्येनं काय करायचं?" याच एका वाक्यात या दिवसांचं सगळं आलं. घाटाखाली भाताला पाणी हवं, घाटावर सोयाबीनला ऊन हवं, आणि दोन्हीकडचा शेतकरी आभाळाकडेच बघतोय.

पाटणपासून कोयनानगरपर्यंतचा रस्ता कधी गुळगुळीत काँक्रीट, कधी नुसती खडी. यावर फार लिहावं असं काही नाही. काँक्रीट संपून खडी जिथं सुरू होते ती पायरी ओल्यात दिसत नाही, तिथं आधीच वेग कमी करा, एवढं पुरे.

कोयनानगरला नेहरू उद्यानापाशी थांबलो. समोर धरण. साठवण १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आणि सहाही दरवाजे त्या दिवशी बंद. शिवसागर जलाशय इथून उत्तरेला जावळीच्या खोऱ्यात आत शिरतो. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे धावते आणि इथं हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. मास्तरांचं बालपण या भागातलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. घराच्या भिंतीपेक्षा त्यांना थंडी जास्त आठवते. त्यानंतर लोक बरेच दिवस घराबाहेरच झोपत होते. गाडीवर बसताना ते हे असं सहज सांगतात आणि हेल्मेट घालून मोकळे होतात.

मग कुंभार्ली. घाटमाथ्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंची हवा एकाच वेळी दिसते. पाठीमागे उन्हात पडलेलं कोयनेचं खोरं, समोर कोकण असायला हवं तिथं पांढरी भिंत. ती भिंत वाऱ्यानं वर चढते, रस्त्यापाशी येते आणि विरून जाते. या खेपेला मॅडमना काही सांगावं लागलं नाही. धाकट्याचा रेनकोट सगळ्यात आधी अंगावर.

उतरताना ओल्या घाटात भरवसा ठेवायचा तो इंजिनावर. ज्या गिअरनं चढलो असतो त्याच गिअरनं उतरायचं, दुसरा फार तर तिसरा, आणि ब्रेक फक्त वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना. क्लच दाबून गाडी सोडून देणं म्हणजे पेट्रोल वाचवण्याच्या नादात टायरची पकड गमावणं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, असलेल्या गाड्यांना थोडी माफी मिळते, तीही सरळ रस्त्यावर; कललेल्या गाडीला ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर कुणी माफी देत नाही. चढणाऱ्या ट्रकला आधी वाट द्यायची हा तर घाटाचा जुना कायदा. तो लदलेला असतो, एकदा थांबला की त्याला पुन्हा हलायला जड जातं.

मास्तरांची अडचण वेगळी. त्यांची गाडी जुनी दोन-स्ट्रोक. तिला इंजिनचा ब्रेक जवळजवळ नसतोच, आणि तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्यानं लांब उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवली तर इंजिनाला तेलही पोचत नाही. म्हणून ते दर थोड्या वेळानं मूठ हलकी पिळतात. आम्ही सगळे गुपचूप उतरतोय आणि मधूनच मास्तरांची टर्रर्र. धुक्यात ते कुठं आहेत हे त्यामुळे सगळ्यांना कळत होतं, हा एक फायदा.

अर्ध्या घाटात टर्रर्र बंद पडली.

खरा पाऊस तोवर सुरू झाला होता, सरळ आणि जाड. गाडी वळणावर बंद पडली पण मास्तरांनी ती उताराचा फायदा घेऊन पुढच्या सरळ पट्ट्यापर्यंत आणली. अनुभव तो हा. काकांनी आपली गाडी मागे वळणाच्या अलीकडे इंडिकेटर लावून उभी केली आणि स्वतः टॉर्च घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. बाकीच्यांना मॅडमनी खाली रुंद जागेत नेऊन थांबवलं. बंद पडलेल्या गाडीभोवती दहा जणांनी गोळा होणं हे घाटात बंद पडण्यापेक्षा वाईट.

दोष नेहमीचा होता. प्लगच्या टोपीत पाणी. छत्रीखाली टोपी काढली, कोरड्या रुमालानं पुसली, प्लग काढला तर तोही काळा आणि ओला. मास्तरांच्या खिशात प्लास्टिकच्या डबीत दुसरा प्लग असतोच. टोपीवर त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि दोन किकमध्ये घाट पुन्हा निळ्या धुरानं भरला. धाकटा फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर बसून हे सगळं बघत होता. "माझी बंद पडली असती तर?" त्यानं विचारलं. "मग टेम्पो," मास्तर म्हणाले.

पायथ्याशी पोफळी. इथं कोयनेची खरी गंमत आहे. पूर्वेला वळलेल्या त्या नदीचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला आणलं, घाटाची उंची वापरून पोफळी परिसरातल्या भूमिगत जनित्रांवर सोडलं आणि वीज काढून वाशिष्ठीच्या खोऱ्यात दिलं. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. १९९९ साली चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाला आतून स्फोटानं भोक पाडलं, ते लेक टॅपिंग. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी असं अरबी समुद्राला मिळतं. आम्ही ब्रेक तापवत ज्या उंचीवरून उतरलो, ती उंची या लोकांनी वाया जाऊ दिली नाही.

चिपळूणला पोचलो तेव्हा पाऊस थांबलेला, पण हवेतलं पाणी पिळून काढता येईल इतका दमटपणा. लॉजच्या मालकानं गाड्या आत घ्यायला लावल्या आणि जिन्याच्या भिंतीवरची खूण दाखवली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी तिथवर आलं होतं. माझ्या डोक्याच्या वर हातभर. "गाड्या आत घ्या म्हंजे पानी आलं तर वाचतील असं न्हाय हां," तो म्हणाला, "कुत्री सीट फाडतात म्हनून."

रात्र मोज्यांची. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तासाभरानं बदलले, पुन्हा कोंबले. पंखा बुटांवर, माणसं उकाड्यात. मास्तरांनी झोपायच्या आधी सगळ्यांच्या साखळ्यांना तेल सोडलं. पावसात दिवसभर चाललेली साखळी रात्री कोरडी ठेवली तर सकाळी तांबूस होते. त्यांच्या स्वतःच्या गाडीची साखळी पत्र्याच्या बंद डब्यात असते, हे त्यांनी प्रत्येकाला एकदा ऐकवलं.

दुसरा दिवस: चिपळूण ते सातारा

सकाळ धुतलेली. परशुराम घाट चढताना खाली वाशिष्ठी चकाकत होती. खेडपर्यंतचा रुंद महामार्ग आम्ही उरकला, या शब्दात सगळं आलं. पुढे कशेडी. आता तिथं बोगदा झालाय आणि घाई असलेला प्रत्येक जण त्यातून जातो. म्हणून जुना घाट आमच्यासाठी मोकळा. रस्ता कोरडा, वळणं लांब, कडेला भात पोटरीतून बाहेर पडून पिवळा होऊ लागलेला, काही खाचरांत हळवा भात कापणीला आलेला. या फेरीतली सगळ्यात चांगली तासभराची सवारी हीच, आणि चांगल्या सवारीबद्दल सांगायला फारसं काही नसतं.

पोलादपूरला सावित्री. चहा घेताना मॅडमनी एसटीच्या चालकाला गाठलं. आंबेनळीची ताजी बातमी हवी तर फोनपेक्षा नुकत्याच उतरून आलेल्या चालकाला विचारावं. "वर ढग हाय, दोन जागी माती आलीय, गाडी जाते. हॉर्न देत जावा." तो आम्हाला न्याहाळून म्हणाला, "आनी पोरांना सांगा, फोटोला कठड्यावर बसू नका." आमच्यातले निम्मे पन्नाशीच्या पुढचे.

आंबेनळीत आम्ही एरवीही कमी बोलतो. २८ जुलै २०१८ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस इथंच दरीत गेली. एकच जण वाचला. सहलीला निघालेली माणसं होती. आमच्यासारखीच.

हा घाट म्हणजे हवेचे मजले. खाली पोलादपूरच्या बाजूला घाम. चढताना वळणावळणाला वाढत जाणारा गारवा. मग ढगाचा मजला, त्यात पावसाची भुरभुर, चालकानं सांगितलेली माती नेमकी वळणाच्या आतल्या बाजूला पसरलेली. तिच्यावरून जाताना ब्रेक नाही, मूठ नाही, गाडी आहे त्या वेगानं सरळ ठेवून पलीकडे. आणि वर वाडा कुंभरोशीला येऊन ऊन! प्रतापगडाच्या माथ्यावर मात्र ढगाची टोपी. कोयनेचं हे वरचं खोरं, जावळी. पार गावाजवळ नदीवर शिवकाळातला दगडी कमानींचा पूल आहे, अजून उभा. काल जिला १०५ टीएमसीच्या हिशेबात पाहिलं, ती इथं पोरसवदा ओढ्यासारखी दगडांतून पळत होती. काकांना गड चढायचा होता. मॅडमनी आभाळाकडे पाहिलं आणि नको म्हणाल्या. काकांनी ऐकलं, पण रुसले. पुढचे दहा किलोमीटर त्यांनी हॉर्नसुद्धा दिला नाही.

कुंभरोशीहून महाबळेश्वरची चढण लागली आणि धुकं असं आलं की कालचं चाळकेवाडीचं लुटुपुटुचं वाटावं. समोरची गाडी दिसते तोवर जवळ राहावं तर तिनं ब्रेक लावल्यावर आपटायची भीती. लांब राहावं तर रस्त्यावर एकटे. मॅडमनी वेग वीसवर आणला आणि सगळ्यांनी डाव्या कडेचा पांढरा पट्टा धरला. मधला पट्टा धरणारे समोरच्याच्या दिव्यांत जाऊन पडतात. खालून वर येणाऱ्या एका मोटारीनं आम्हाला मागून हॉर्नवर हॉर्न दिले. काका हलले नाहीत. त्या मोटारीला शेवटी आमच्या मागेच महाबळेश्वर पाहावं लागलं.

वर रविवारची जत्रा. मक्याची कणसं, स्ट्रॉबेरीच्या नावाचं सरबत, घोडे. तिथून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्या निघतात असं पंचगंगेच्या देवळात मानतात. कोयना आणि सावित्री झाल्या होत्या, वेण्णा पुढे भेटणार होती. कणीस खाल्लं आणि केळघरचा रस्ता धरला.

केळघर घाट उतरताना धुकं संपलं आणि पूर्व दिसली. मॅडमनी गाडी थांबवली. साताऱ्याच्या बाजूला आभाळात फ्लॉवरच्या आकाराचे ढग, बुडाला जांभळे, माथ्याला चपटे. पावसाळाभर आपण पश्चिमेकडे बघायची सवय लावून घेतो. सप्टेंबर सरला की ती मोडावी लागते. परतीचा पाऊस सकाळच्या उन्हावर तयार होतो, दुपारी वाढतो आणि पूर्वेकडून येतो, तोही विजा घेऊन. फोनवर दामिनी ॲप उघडलं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलेलं हे ॲप आसपास कुठं वीज पडली ते दाखवतं. मेढ्याच्या पुढे लाल ठिपके.

"मेढ्यात थांबायचं," मॅडम म्हणाल्या.

"पंचवीस किलोमीटर राहिलंय," धाकटा म्हणाला. "आणि टायर रबराचे आहेत की."

"वीज दोन-तीन किलोमीटर हवा चिरून येते. तुझा दोन इंची रबर तिला काय अडवणार? मोटारीत माणूस वाचतो तो पत्र्याच्या पिंजऱ्यामुळे. तुझ्या डोक्यावर काय आहे?"

मेढ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एका खळ्यावर सोयाबीनची गंजी होती आणि एक बाई एकटीच ताडपत्री ओढत होती. वारा सुटलेला, ताडपत्री तिच्या हातात ठरेना. आम्ही वेग कमी केला तशी ती ओरडली, "बघत काय उभं राहिलाय? धरा की टोक!" अकराच्या अकरा गाड्या कडेला. हेल्मेटसकट माणसं टोकांना लोंबकळली, मास्तरांनी दगड आणले, काकांनी सामान बांधायच्या रबरी दोऱ्या दिल्या. पहिला थेंब पडला तेव्हा गंजी झाकलेली होती. बाईनं आभार वगैरे काही मानले नाहीत. "जावा आता, कडाडतंय," एवढं म्हणाली. काकांच्या दोऱ्या तिथंच राहिल्या.

मेढ्यात एका पक्क्या इमारतीतल्या चहाच्या हॉटेलात पाऊण तास काढला. चमकणं आणि आवाज यात पाच सेकंदही जात नव्हते, म्हणजे वीज पावणेदोन किलोमीटरच्या आत. शेवटचा गडगडाट लांब गेल्यावरही मॅडमनी घड्याळ लावून अर्धा तास बसवून ठेवलं. धाकट्यानं तेवढ्यात दोन प्लेट भजी संपवली आणि मग त्यालाही घाई राहिली नाही.

पुढचा रस्ता वाफाळत होता. कोरड्या दिवसांत रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरीनं वर येते. घसरायला हीच वेळ सगळ्यात सोयीची. शिवाय शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी टाकलेला काळा चिखल. कण्हेरच्या जलाशयाशेजारून, वेण्णेच्या सोबतीनं, हळूहळू साताऱ्यात आलो.

साताऱ्यात टिपूस नव्हता. रस्ते पांढरे कोरडे, लोक पातळ शर्टात फिरायला निघालेले. पेट्रोल पंपावरच्या पोरानं आमच्या गाड्यांचा आणि बुटांचा चिखल बघून विचारलं, "कुठं लावणीला गेला हुता काय?" मास्तरांनी त्याला पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं ते शिकवायला घेतलं आणि मागे रांग लागली.

तिथून पांगलो. पण काकांचं काम संपत नाही. प्रत्येक जण घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत ते यादीवर खुणा करत बसतात. नऊला दहा खुणा झाल्या होत्या. शेवटचा निरोप कोरेगावला जाणाऱ्या आमच्या गड्याचा, सव्वानऊला: "पोचलो. घराच्या दारात गाडी लावली आणि आत्ता इथं धो धो सुरू झालाय. रेनकोट डिकीत होता."